पडद्यामागची वायर

आपण आत्ता ज्या सभागृहात बसलो आहोत तिथूनच सुरुवात करतो. तुम्ही सगळे मागच्या मोठ्या दाराने आत आलात. दुसरे दार कुठे आहे, हे किती जणांनी पाहिले? घरात वीज गेली तर आपण चाचपडत बरोबर देवघरापाशी पोचतो आणि काडेपेटी हाताला लागते. इथे पुढच्या रांगेचा पायसुद्धा आपल्या ओळखीचा नाही. त्यातून खेळ सुरू झाला की आपण होऊनच अंधार करतो.

सभागृहाच्या वायरिंगला घरापेक्षा कडक नियम लागतात ते यासाठी. दाब तोच २३० व्होल्टचा असतो, फरक माणसांच्या अवस्थेत आहे. आपली राष्ट्रीय इमारत संहिता पन्नास किंवा अधिक माणसे जमतात अशी जागा 'संमेलनाची इमारत' मानते. अमेरिकेच्या विद्युत संहितेत हा आकडा शंभर आहे. तिथे अशा जागी वायर सहसा धातूच्या नळीतून किंवा दोन इंच काँक्रीटच्या आत न्यावी लागते.

दिल्लीचे 'उपहार' चित्रपटगृह तुम्हाला आठवत असेल. १३ जून १९९७. सकाळीच तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली होती आणि ती विझवून दुरुस्तीही झाली होती. पण केबलच्या टोकाला लग, म्हणजे जोडाची धातूची टोपी, बसवताना क्रिम्पिंगचे यंत्र वापरले नाही, हातोडीने ठोकून काम भागवले. जोड सैल राहिला, तापला, ठिणग्या उडू लागल्या. संध्याकाळी पाचच्या सुमारास केबल निसटून ट्रान्सफॉर्मरच्या रेडिएटरवर आदळली, भोक पडले आणि गरम तेल पेटत तिथे उभ्या गाड्यांखाली वाहत गेले. बाल्कनीपर्यंत ज्वाळा आल्या नाहीत. तिथे जिन्याने धूर आला आणि ५९ माणसे गेली. माझ्या व्यवसायातल्या प्रत्येक शिकाऊ मुलाला मी हा प्रसंग सांगतो, कारण त्याच्या मुळाशी एक लग आहे, बोटाएवढा.

आता धुराविषयी. आपल्या वायरीवरचे आवरण पीव्हीसीचे असते. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. ते जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, आणि डोळ्यातल्या, घशातल्या ओलाव्याशी मिळून त्याचे आम्ल होते. माणूस दार शोधू शकत नाही, कारण त्याला डोळेच उघडता येत नाहीत. दुकानात 'एफआर' लिहिलेले बंडल घेऊन लोक निश्चिंत होतात. एफआर म्हणजे ज्वाळा वायरीवरून पुढे पळत नाही, एवढेच. धूर ती सोडतेच. 'एफआरएलएस'मध्ये धूर आणि आम्लवायू कमी असतो. हॅलोजनविरहित वायरीत क्लोरीनच नसतो, आणि तिच्यासाठी २०१८ पासून आपले स्वतंत्र मानक आहे, आयएस १७०४८. बंडलाची किंमत थोडी वाढते. पण लग्नाच्या हॉलसाठी, नाट्यगृहासाठी, शाळेच्या सभागृहासाठी मी दुसरी वायर सुचवणार नाही, आणि सुचवणाऱ्याशी वाद घालीन.

धुराला वर चढायला जिना चालतो तसाच केबलचा उभा डक्टही चालतो. म्हणून प्रत्येक मजल्यावर डक्ट आगरोधक मालाने बंद करायचा, हा नियम आहे. प्रत्यक्षात इंटरनेटची केबल टाकायला कोणीतरी तो फोडतो आणि तसाच सोडून जातो. १७ डिसेंबर २०१८ ला अंधेरीत मरोळच्या कामगार विमा रुग्णालयाला आग लागली, तेव्हा खालचा धूर वरच्या मजल्यांवर कसा चढतो हे सबंध उपनगराने पाहिले.

आणीबाणीच्या दिव्यांचा नियम छोटा आणि नेमका आहे. वीज गेल्यावर लगेच दिवा लागावा, वाटेच्या मध्यरेषेवर जमिनीशी दहा लक्स उजेड पडावा आणि तो दीड तास टिकावा. त्यांची वायर मुख्य वायरिंगपासून वेगळी हवी. एकाच नळीतून दोन्ही नेल्या तर एकाच आगीत दोन्ही जातात.

आता आपल्या मुंबईच्या उपनगरांकडे येतो. पार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचे कालिदास ही नाट्यगृहे, शिवाय प्रत्येक स्टेशनजवळचे हॉल. मुलुंडला महावितरणची वीज येते, अंधेरी-बोरिवलीला बहुतांशी अदानीची. कंपनीची जबाबदारी मीटरपाशी संपते. त्यापुढची वायर हॉलची. आणि हॉल सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांत भाड्याने जातो. दुपारचे नाटक उतरते, रात्रीच्या वाद्यवृंदाचे सामान आत येते. मधल्या घाईच्या वेळात डेकोरेटरची माणसे शेकडो मीटर वायर ओढतात. इमारतीची पक्की वायरिंग तपासलेली असते. माझा जीव अडकतो तो या तात्पुरत्या वायरीत.

गेल्या काही वर्षांत एलईडीच्या भिंती आल्या, डिमर आधीपासून होतेच. तीन फेजांवर साधा भार समान वाटला तर न्यूट्रलमध्ये प्रवाह जवळजवळ शून्य राहतो. या उपकरणांचे तसे नाही. त्यांचे तिसऱ्या पटीचे हार्मोनिक प्रवाह एकमेकांना खोडत नाहीत, न्यूट्रलमध्ये येऊन साठतात. कधी न्यूट्रल फेजपेक्षाही जास्त वाहतो. आणि मंडपवाल्यांकडे असते साडेतीन कोअरची केबल, म्हणजे न्यूट्रल अर्ध्या जाडीचा. त्याच्यावर एमसीबी नसतो. तीन फेजांवरचे मीटर ठीक दाखवत असतात आणि गालिच्याखाली न्यूट्रल तापत असतो. एका हॉलमध्ये मी स्वतः अशा केबलला हात लावला आणि लगेच मागे घेतला. वर खुर्च्या मांडलेल्या होत्या, मुले नाचायची तयारी करत होती. अशा ठिकाणी पूर्ण न्यूट्रलची चार कोअर केबलच हवी.

कायदा तोकडा नाही. काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचे, हे जुने बंधन आहे. महाराष्ट्राचा आगप्रतिबंधक कायदा २००६ चा, आणि त्याखाली दर जानेवारीला आणि जुलैला अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा 'बी' नमुना द्यावा लागतो. पण सहामाही कागद रात्री साडेआठच्या केबलपर्यंत पोचत नाही. म्हणून माझी मागणी हॉलच्या व्यवस्थापकांकडे आहे. आरक्षणाच्या अर्जात किती किलोवॉटचा भार आणणार, हा रकाना ठेवा. डेकोरेटरसाठी रंगमंचाच्या बाजूला आरसीसीबी, म्हणजे प्रवाह गळताच वीज तोडणारी कळ, लावलेला स्वतंत्र बोर्ड द्या, म्हणजे कोणी मुख्य पॅनेलमध्ये उघड्या तारा खोचणार नाही. आणि दोन सत्रांमध्ये पाऊण तास तुमच्या वायरमनच्या नावाने राखून ठेवा, त्याचे भाडे लावा.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांनी उभारलेली, १९१५ पासूनची वास्तू. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जीवितहानी झाली नाही. तो रंगमंच जळताना पाहून माझ्या ओळखीचे म्हातारे प्रकाशयोजनाकार रडले. मला मात्र रात्रभर प्रेक्षागृहातल्या रिकाम्या खुर्च्या दिसत राहिल्या.

व्याख्यानानंतर दहा मिनिटे थांबता येईल त्यांनी थांबा. व्यवस्थापकांची परवानगी घेतली आहे. रंगमंचाच्या डावीकडचा बोर्ड उघडून आरसीसीबीचे 'टेस्ट' बटण दाबून दाखवणार आहे, आणि डाव्या हाताचे दुसरे दार मी सकाळी येऊन उघडून पाहिले आहे, बाहेर जाताना त्यानेच जाऊ.