गावचं पाणी, गावची जबाबदारी



पावसाळा लागला की गावात हगवण येते, अन् आधी लहान लेकरं खाटेला लागतात. हे एकट्या घरानं थांबत नाही. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत अन् रात्री कीर्तन करत. तेच काम आता आपल्याला मिळून करायचं आहे.

विहिरीत टीसीएल पावडर पडते का, हे जलसुरक्षकाला विचारा. नळाच्या शेवटच्या घरी ओटी चाचणी करायला लावा. पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन पोचलं. नाही झालं, तर ग्राम आरोग्य समितीत बोला.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील भावांनो, पाण्यातला खार उकळून जात नाही, टीसीएलनंही नाही. पहिला पाऊस सोडून छपराचं पाणी टाकीत साठवा, गाळून उकळून प्या.

लेकराला हगवण लागली, तर आशाताईकडून ओआरएस व झिंकच्या गोळ्या आणा. पुडी नसेल, तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर अन् अर्धा सपाट चमचा मीठ घाला, घोटघोट पाजा. अंगावरचं दूध तोडू नका. डोळे खोल गेले किंवा लेकरू सुस्त पडलं, तर तडक दवाखाना गाठा.