शिसे आणि वर्गातील 'मंद' मूल
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



आपण मुलांच्या हाती जी शिसपेन्सिल देतो, तिच्यात शिसे मुळीच नसते. तिच्या पोटातील काळी कांडी ग्रॅफाइट आणि माती यांची असते. नाव तेवढे पूर्वीच्या समजुतीने चिकटून राहिले आहे. खरे शिसे मुलांच्या पोटात जाते ते निराळ्या वाटांनी, आणि तेथे त्याचे नाव कोणी घेत नाही. आज मी त्या शिशाविषयी बोलणार आहे. हा विषय डॉक्टरांचा, शिक्षकांचा त्याच्याशी काय संबंध, असे आपणांपैकी कोणास वाटेल. तो संबंध सांगण्यापूर्वी मला एक कबुली द्यावयाची आहे.

मी नवा शिक्षक असताना माझ्याकडे दुसरीत एक मुलगा होता. त्याचे वडील जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतील शिसे घरामागे चुलीवर वितळवीत. मुलगा हडकुळा आणि फिकट होता. एका जागी पाच मिनिटे बसत नसे, आज सांगितलेले उद्या विसरे आणि पोट दुखते म्हणून वारंवार घरी जाण्याची परवानगी मागे. मी ते सोंग समजलो. त्यास बाकावर उभे केले, छड्या मारल्या आणि प्रगतिपुस्तकावर 'मंद' असा शेरा लिहिला. चौथी होण्यापूर्वीच त्याने शाळा सोडली. त्याच्या रक्ताची तपासणी कधी झाली नाही, म्हणून मी निदान करीत नाही. परंतु शिशाच्या विषबाधेची लक्षणे पुढे वाचनात आली, तेव्हा प्रत्येक ओळीत मला त्याचाच चेहरा दिसला.

आता संबंध सांगतो. अमेरिकेत बॉस्टन शहरालगत चेल्सी आणि सॉमरव्हिल ही गावे आहेत. तेथील पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी गोळा करविले. आपल्याकडे मुले असा दात कौलांवर भिरकावतात; त्यांनी तो तपासला, कारण शरीरात शिरलेले शिसे दातांत आणि हाडांत साठून राहते. दुसरीकडे त्यांनी वर्गशिक्षकांस साधे प्रश्न विचारले. मुलाचे लक्ष लवकर उडते काय? हाती घेतलेले काम ते तडीस नेते काय? सूचना पाळू शकते काय? कोणाच्या दातात किती शिसे आहे, हे शिक्षकांस ठाऊक नव्हते. दोन हजारांहून अधिक मुलांविषयी उत्तरे मिळाली. १९७९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की, दातांतील शिसे जसजसे अधिक, तसतसे शिक्षकांचे प्रतिकूल शेरेही अधिक. ही मुले वरकरणी आजारी दिसत नव्हती. त्यांच्यातील उणीव शिक्षकांच्या नजरेस आली होती; तिचे कारण मात्र त्यांस माहीत नव्हते.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते आणि त्यास हाडांत, मेंदूत वाट देते. शिशामुळे रक्त बनण्याच्या क्रियेत अडथळा येतो, मूल पांढुरके पडते; उंची खुंटते, ऐकणे मंदावते, बुद्धी आणि अवधान यांची हानी होते. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाचे शरीर पोटात गेलेले शिसे चार ते पाच पट अधिक शोषून घेते. मूल उपाशी असेल, त्याच्या अंगात लोह वा कॅल्शियम कमी असेल, तर शोषण आणखी वाढते. म्हणजे गरिबाच्या मुलावर हा घाव दुहेरी बसतो. शिशाची निर्धोक अशी मात्राच ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. १०० मिलिलीटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अवघे ५ दशलक्षांश शिसे आढळले, तरी त्याचा उगम शोधून काढावा, असे तिचे मार्गदर्शन आहे. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात एवढे किंवा याहून अधिक शिसे आहे.

आपल्या देशात २००० सालापासून पेट्रोल शिसेविरहित झाले, हा मोठाच लाभ होय. घरगुती रंगांतील शिशावरही दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. परंतु आपल्या जुन्या शाळांच्या दारे-खिडक्यांवरील थर त्याआधीचे आहेत. १५ ऑगस्ट जवळ आला की आपण श्रमदान म्हणून मुलांच्या हाती पॉलिशपेपर देतो आणि हे थर घासावयास लावतो. हेतू चांगला, पण ती धूळ मुलांच्या नाकातोंडात जाते. हे काम मुलांकडून कदापि करवू नये. ते सुटीत, मोठ्यांनी, पृष्ठभाग ओला करून करावे.

दुसरी वाट बॅटऱ्यांची. गावात कोणी बॅटऱ्या फोडून शिसे वितळवीत असेल, तर त्या घरी जाऊन पालकांशी गोडीने बोलावे. पोट भरण्याचा धंदा आहे, तेथे दटावून भागत नाही. निदान तो वस्तीपासून दूर नेण्यास आणि कामाचे कपडे घरात न आणण्यास त्यांस सांगावे. तिसरी वाट स्वयंपाकघराची. हळद अधिक पिवळी दिसावी म्हणून तिला शिसेयुक्त रंग चोळण्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. शाळेच्या खिचडीसाठी सुटी, भडक हळद घेऊ नये. हळकुंडे दळून आणावीत किंवा अ‍ॅगमार्कची पुडी घ्यावी. पितळी भांड्यांची कल्हई शुद्ध कथलाचीच असावी.

शाळेने रोज पाळावयाच्या गोष्टी तर अगदी साध्या आहेत. जेवणापूर्वी साबणाने हात धुवावे. वर्ग कोरडा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावा. शालेय पोषण आहार आणि आठवड्याची लोहाची गोळी यांत हयगय होऊ नये. जेथे लोह पुरेसे, तेथे शिशाला शिरकाव कमी.

शंका आल्यास मुलाच्या घराची, पालकांच्या कामाची विचारपूस करून ती आरोग्य पथकाच्या कानी घालावी. नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या तपासणीत शिसे दिसत नाही. त्याची तपासणी वेगळी मागावी लागते. मात्र अभ्यासात मागे राहणारे प्रत्येक मूल शिशाचेच बळी असते, असेही नव्हे. भूक, कमी ऐकू येणे, घरातील कलह अशी कारणे अनेक असतात. माझे सांगणे एवढेच की, शेरा लिहिण्यापूर्वी कारण शोधावे. शिशाने केलेली हानी बहुधा भरून येत नाही. परंतु उगम बंद केला, तर पुढची टळते, आणि पाठच्या भावंडांची तर पुरतीच टळू शकते.

त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावरील शेरा मला आता खोडता येत नाही. आपल्या हाती मात्र यंदाची प्रगतिपुस्तके अजून कोरी आहेत.