‘टेन्शन’ या शब्दाआड



दहावीचा निकाल पूर्वी शाळेत जाऊन घ्यावा लागे. घरी परतेपर्यंत मनाला थोडा अवधी मिळे. आता तो घरातल्या मोबाइलवर सर्वांसमोर उमटतो. कसबा पेठेतील वाड्याच्या दोन खोल्यांत, किंवा वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीतील सदनिकेत, पंधरा वर्षांच्या मुलाला रडायलाही कोपरा सापडत नाही. आजी विचारते, ‘काय झालं रे?’ उत्तर ठरलेले : ‘काही नाही गं, टेन्शन आलंय.’

या एका शब्दाने किती भावना झाकल्या आहेत! कमी गुणांचे दुःख, वडील काय म्हणतील ही भीती, चुलतभावाला जास्त मिळाल्याचा मत्सर, पाहुण्यांसमोर टक्के सांगण्याची लाज, सारे ‘टेन्शन’च. उपाय मात्र निराळे. दुःखाला सोबत पुरते. भीतीला नेमकी माहिती लागते. राज्य मंडळाने 2015 पासून अनुत्तीर्णांची फेरपरीक्षा जुलैतच घेण्यास आरंभ केला. हे ठाऊक असलेल्या मुलाची ‘वर्ष वाया गेले’ ही धास्ती बरीच ओसरते. मत्सराची कबुली देता आली तरी त्याचा डंख बोथट होतो. आणि लाज? तिच्यासाठी मुलापेक्षा पाहुण्यांनाच समजावणे आवश्यक!

नाव देण्याने खरेच काही घडते काय? अमेरिकेतील मॅथ्यू लिबरमन व सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भय वा क्रोध दर्शविणारे चेहरे दाखविण्यात आले. त्या भावनेला शब्द योजताच मेंदूतील भयाशी निगडित केंद्राची खळबळ कमी झाल्याचे आढळले.

आपल्या शास्त्रकारांनीही क्रोध, मान, माया, लोभ एवढ्यावर न थांबता भय, शोक, अरति, जुगुप्सा यांना नोकषायांत स्वतंत्र स्थान दिले. क्रोधाची तीव्रता सांगताना पाषाणावरची, जमिनीवरची, वाळूवरची व पाण्यावरची रेघ अशा उपमा योजल्या. ‘तुला राग का येतो?’ या प्रश्नावर गप्प बसणारा मुलगा ‘तुझा राग यांतल्या कोणत्या रेघेसारखा?’ याचे उत्तर कदाचित देऊन जाईल.

नाव सापडल्यावर पुढचे पाऊल विचाराचे. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली. तीत इच्छा आणि हट्ट यांत भेद केला आहे. ‘मला प्रवेश मिळावा’ ही इच्छा अपुरी राहिली तर खेद होतो. ‘मिळालाच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोलाचा’ हा हट्ट मोडला तर मनुष्य खचतो. खेद घालवायचा नसतो, तो पुढच्या प्रयत्नाला उपयोगी पडतो. म्हणून वडीलधाऱ्यांचे ‘त्यात काय एवढं?’ हे वाक्य, हेतू कितीही चांगला असला तरी, घातक ठरते; मुलाचा खेदच ते नाकारते.

पण झोप उडाली, जेवण सुटले, मित्र टाळले जाऊ लागले आणि असे दोन आठवडे गेले, तर घरगुती उपायांत न गुंतता मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. जगणे नकोसे झाल्याचे बोल कानी आले तर एक दिवसही थांबू नये, मुलाला एकटे सोडू नये. शासनाची ‘टेली मानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते, आणि दूरध्वनी पालकांनीच करावा असे नाही; मुलगा वा मुलगी स्वतःही तो करू शकते.