वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : आमच्या घरचा अनुभव
(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात एका दांपत्याने केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही. आम्ही इंदूरचेच, आपल्या मंडळाचे जुने सभासद. चार वर्षांपूर्वी आमच्या घरात वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. झाली ती बायकोची, पण बोलायचं दोघांनी ठरवलं. कारण तेव्हा नातेवाइकांना आम्ही ‘पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन’ असं सांगितलं होतं. लाज वाटत होती.

तेव्हा वजन १०२ किलो, उंची १६० सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय जवळजवळ ४०. इन्शुलिन सुरू होतं, झोपेत श्वास अडकायचा. पथ्य, चालणं, उपास सगळं करून झालं होतं. वजन उतरायचं आणि पुन्हा चढायचं.

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार जास्त होतात. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. ‘बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत भुकेची आणि साखरेची संप्रेरकंही बदलतात. आमच्याकडे बायपास झाली. दीड वर्षात वजन ७२ वर आलं, इन्शुलिन बंद झालं, रात्रीची झोप शांत झाली. पण मधुमेह कायमचा गेला असं मानू नये. काहींचा तो काही वर्षांनी परत येतो. वजनही थोडं परत वाढू शकतं.

आता धोके. टाके घातलेल्या जागेतून गळती, रक्तस्राव, पायातली गुठळी फुप्फुसात जाणं. अनुभवी हातांत हे क्वचित घडतं, पण जिवावर बेतू शकतं. स्लीव्हनंतर छातीतली जळजळ वाढू शकते. आणि वजन झपाट्यानं उतरताना पित्ताचे खडेही होतात! आमची थाप खरी ठरायचीच बाकी होती.

एक चूक मात्र आमची. दुसऱ्या वर्षी ‘आता बरं आहे’ म्हणून गोळ्या सोडल्या. पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना दम लागू लागला. तपासणीत बी-१२ आणि लोह दोन्ही फार कमी निघाले. व्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम आणि ठरलेल्या रक्ततपासण्या जन्मभर चालू ठेवायच्या असतात, हे आम्हाला सांगितलेलं होतं. आम्ही ते मनावर घेतलं नाही.

म्हणून विचार करणाऱ्यांना एवढंच सांगू : आपल्याला कोणता प्रकार योग्य, गुंतागुंत झाली तर काय करणार, आणि पुढे तपासण्या कोण बघणार, हे आधी विचारा. घरच्यांनाही सोबत न्या.

शेवटी, प्रसादाच्या पंगतीविषयी. बायपासनंतर गोड जास्त झालं तर घाम फुटतो, धडधडतं, मळमळतं. आग्रह करणं आपल्या रक्तातच आहे. पण पानात कुणी अर्धाच मोदक घेतला, तर ‘अजून एक घ्या हो’ म्हणू नका. कारणही विचारू नका. आमच्यासारखं खोटं बोलायची वेळ मग कुणावर येणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!