सावित्रीबाईंची रुग्णसेवा
(पोलादपूर येथे सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनी, १० मार्च रोजी, केलेले भाषण)



दहा दिवसांनी आपण महाडास चवदार तळ्यावर अभिवादनास जाऊ. १९२७ साली बाबासाहेबांनी तेथे पाण्याचा हक्क बजावला. पुण्यात १८६८ सालीच जोतीराव व सावित्रीबाईंनी घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला होता.

१८९० साली पती निवर्तले, तरी सावित्रीबाईंचे कार्य थांबले नाही. १८९७ च्या प्लेगात आप्तही रोग्यास टाकून पळत. तेव्हा सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रोग्यांस दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचवीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलास त्यांनी पाठीवर वाहून आणले. त्याच रोगाने १० मार्चला त्यांचे देहावसान झाले.

संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु आम्हां वकिलांस ठाऊक आहे की, कायदा विटाळ मानणाऱ्यास शिक्षा देईल. मरणोन्मुखाच्या उशाशी तो कोणास बसवू शकत नाही. तेथे करुणाच हवी. भगवान बुद्धांनी आनंदासह आजारी भिक्षूस स्वहस्ते स्नान घातले. आपणही गावात अंथरुणास खिळलेल्या माणसाकडे, त्याची जात न विचारता, पाळीपाळीने जावे. सावित्रीबाईंस हीच खरी आदरांजली होय.

जय भीम!