पाच दिवस अंधार आणि माझा बग

"दादा, तू कोड लिहितोस, मग डाळिंबाच्या रोपांवर कशाला बोलतोस?" असं बऱ्याच जणांनी विचारलंय. कारण सरळ आहे, त्यात माझी चूक आहे.

आमचं घर कुंभारीचं. कुंभारी म्हटलं की लोकांना विडी कामगारांची घरकुलं आठवतात, मला मामाची डाळिंबाची बाग आठवते. आता ती नाही. आधी तेल्या आला, मग मर लागली, शेवटी मामानं झाडं उपटली. रोगट झाडाची गुटी बांधली की रोग रोपासोबत नव्या बागेत जातो. म्हणून या वेळी त्याला टिश्यू कल्चरची रोपं हवी होती. माझ्या एका मित्राची छोटी लॅब आहे. मामाची ऑर्डर त्याच्याकडे होती आणि त्याच्या रॅकच्या लाइटचा टायमर मी बनवलेला.

आता मुद्द्याचं ऐका. बाटलीत फुटवे वाढवणं त्या मानानं सोपं. त्यांना मुळं आणणं, तेही फळझाडासारख्या लाकडी झाडात, हे खरं अवघड काम. सफरचंदाचा एम-९ नावाचा खुंट आहे, इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगला निवडलेला. अशा खुंटांना मुळांसाठी ऑक्झिन देतात आणि पहिले काही दिवस बाटल्या चक्क अंधारात ठेवतात. का? ऑक्झिन म्हणजे मुळं फुटायला लावणारं संप्रेरक, आणि त्यातलं आयएए उजेडात मोडतं. म्हणून लॅबवाले जास्त टिकणारं आयबीए वापरतात. पण झाडाच्या आत स्वतःचं आयएए असतंच की! शिवाय उजेडात फेनॉल काळे पडायचा त्रास वाढतो, आणि डाळिंबात तो आधीच भरपूर.

मग अंधारात रोप उपाशी नाही मरत? नाही. बाटलीतल्या जेलीत साखर असते, साधारण लिटरला ३० ग्रॅम. तिथं उजेड म्हणजे जेवण कमी, निरोप जास्त. (ते रीलमधले गुलाबी एलईडी विचारू नका. लाल चांगला की निळा, याचं उत्तर पीक बदललं की बदलतं.)

मित्रानं डाळिंबाला बसवलेला हिशोब असा: पाच दिवस अंधार, मग रोज १६ तास उजेड. मी कोड लिहिला, टेस्ट केला, खूश झालो. फक्त एक गोष्ट राहिली, लाइट गेली तर काय. बोर्ड रीस्टार्ट झाला की माझा दिवसांचा काउंटर शून्यावर यायचा आणि डीफॉल्ट मोड होता 'उजेड चालू'. दुसऱ्याच रात्री लाइट गेली. आली तेव्हा सगळा रॅक लख्ख. सकाळी कुणाला वेगळं काही वाटलं नाही, कारण बाकीचे रॅकही लख्खच होते.

महिन्यानं बाटल्या उघडल्या. बऱ्याच फुटव्यांच्या बुडाशी नुसता पांढरट गोळा, मुळं नावाला. मित्र काही बोलला नाही. लॉग मीच काढून बघितला.

मामाला फोन करायला मला दोन दिवस लागले. पाऊस सुरू झाला होता, खड्डे काढून, शेणखत भरून तयार होते. तो म्हणाला, "बरं, पुढच्या खेपेला दे." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या खेपेला काउंटर मेमरीत साठवला, घड्याळाला वेगळी बॅटरी लावली, डीफॉल्ट अंधार केला. तरी माझ्या कोडवर कुणाचा भरवसा राहिला नव्हता, माझाही नाही. मी म्हटलं, वरून आपली सोलापुरी चादर टाकू. लॅबमधल्या ताई हसल्या. म्हणाल्या, "धागे उडतील, बुरशी आणायचीय का?" मग त्यांनी काळं प्लास्टिक पुसून घेतलं आणि रॅकला गुंडाळलं.

मामा एकदा बघायला आला होता. काचेतून तो काळा रॅक बघून म्हणाला, "हे तर आपण गुटीला करतो तेच की. फांदीची साल काढायची, शेवाळ बांधायचं, वरून झाकायचं."

त्या खेपेची रोपं आता शेडनेटमध्ये आहेत. मामा दर रविवारी जाऊन पानं मोजतो.