आत्याचा डबा

पडद्याआड घुंगरू बांधून ताटकळलेल्या मुला-मुलींनो,

तुमचा नाच माझ्या भाषणामुळे अडलाय, हे मला ठाऊक आहे. एका डब्याची गोष्ट सांगतो आणि बसतो.

१९९३ साली मी पाचवीत होतो. गाव औसा तालुक्यातलं. आत्या दिलेली किल्लारीला. गौरींना ती माहेरी आली, ती शेंगांच्या पोळ्यांचा डबा घेऊन. स्टीलचा, झाकणावर तिचं नाव घातलेला. डबा आमच्याकडेच राहिला. पुढच्या आठवड्यात बाबा किल्लारीला निघाले, तर आईनं अडवलं. "रिकामा डबा कसा द्यायचा? नवे मूग वाळतायत. चतुर्दशी झाली की लाडू करते, शुक्रवारी जा."

बुधवारी अनंत चतुर्दशी झाली. गणपती बोळवून माणसं दमून झोपली. गुरुवारी, ३० सप्टेंबरला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली.

आमच्याकडची जुनी घरं तुम्ही पाहिली नसतील. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडाचं माळवद आणि त्यावर मातीचा थर. पावसात गळू नये म्हणून त्यावर पुनःपुन्हा माती टाकायची. पोरांच्या अंथरुणावर पाणी ठिपकू नये, एवढीच काळजी. त्या पहाटे तीच माती अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. अंगणात झोपलेले बरेच वाचले, हे नंतर ऐकताना फार लागायचं.

आत्या आणि तिची दोन्ही पोरं गेली. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, शेतात राखणीला होते म्हणून राहिले.

आईनं लाडू केले. कुणासाठी, ते विचारायची आमची छाती नव्हती. बाबा मला घेऊन मामांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. मामांनी झाकणावरच्या नावावरून अंगठा फिरवला. लाडू वर्तमानपत्रावर काढून ठेवले, डबा धोतराच्या सोग्यानं पुसला. मग उठून कोपऱ्यातल्या पोत्याशी गेले. मदतीत आलेली साखर होती. तिच्यातली मूठभर डब्यात घातली, झाकण लावलं आणि माझ्या हातात दिला. "रिकामा नेऊ नये," म्हणाले.

बाबा रस्ताभर बोलले नाहीत. मीही नाही. तेव्हा मला फक्त डबा वाजतोय एवढंच कळत होतं.

आई आता थकलीय. पण शेजारून काही आलं की डबा त्याच दिवशी परत जातो. परवा माझी लेक म्हणाली, "आजी, गृहपाठ झाला की देऊन येते." आई म्हणाली, "वही मिटव. चप्पल घाल." घरात द्यायला काही नव्हतं. तिनं साखर घातली.

बसतो मी. घ्या पडदा वर.